आधी त्याले शाळेत घ्या

देवमन, तुझी तार मीच वाचली. पोस्टाचा माणूस कारंज्याहून सरळ तुमच्या मळ्यात गेला. तिथं इंग्रजी वाचणारं कोणी नाही, म्हणून तुझ्या बापानं, काकाजींनी, गड्याला माझ्या शाळेत पिटाळलं. मी पाचवीचा वर्ग तसाच सोडून निघालो. काकाजी विहिरीच्या धावेवर उभे होते, बैल मोटेला जुंपलेलेच. तार माझ्या हातात देताना म्हणाले, "हळू वाच, मास्तर. चंद्रभागा तिकडे वांगे तोडून राह्यली." तुझ्या बायकोच्या कानावर ते एकदम पडू नये म्हणून. तारेत दोन ओळी होत्या. त्या हळू काय वाचणार? तू कुठं पडलास, कसा पडलास, शेवटी पाणी तरी मिळालं का, यातलं काहीच त्यात नव्हतं. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर कुठंतरी, असं आम्हीच आपल्या मनानं धरलं. सरकार दिलगीर होतं, तेवढं मात्र त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

रडू नंतर आलं. आधी आला तो राग, आणि आज महिना होत आला तरी तो उतरलेला नाही. सरकारवर आहे, जपान्यांवर आहे, तुझ्यावरही आहे. पण सगळ्यात जास्त आहे तो टेकाडावरच्या त्या मिशनच्या शाळेवर. तिनं एकदा तुला सगळ्यांदेखत हाकलून दिलं, आणि आता मेल्यावर तू तिला हवा झालास.

तुझा देह काही आला नाही. मग भटजींनी सांगितलं तसं पळसाची पानं गोळा करून तुझा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. तू केवढा ताठ माणूस, आणि त्या पुतळ्याचा डावा खांदा सारखा खाली येत होता. भटजी म्हणाले, राहू द्या, चालतं. मी म्हटलं, त्याला चालत नाही. खाली बसून मी तो खांदा काडीचा टेकू देऊन सरळ केला. लोक माझ्याकडं बघत होते. बघू देत. मी आठवीत असल्यापासून तू माझा खांदा असाच सरळ करत आलास.

त्या वर्षांचं मी आता कोणाशी बोलू? कारंज्याहून मंगरूळकडं जाणाऱ्या सडकेवर ती शाळा, भोवती बाभळी, वर फादर लोकांचं दगडी देऊळ, खाली परेडचं मैदान. आपले बाप आपल्याला तिथं धाडायचे ते इंग्रजीसाठी, आणि आपण राहायचो ते केडेटच्या खाकी कपड्यांसाठी. बंदुका लाकडी होत्या, कारंज्याच्या सुतारानं बाभळीच्या करून दिलेल्या, आणि खऱ्या बंदुकांपेक्षा जड असाव्यात. बुटं फौजेतून टाकून दिलेली. त्यात चिंध्या कोंबल्याशिवाय ती पायात राहत नसत. पिंडऱ्यांना पट्ट्या गुंडाळायला मला कधी जमलं नाही. त्या गुडघ्यापर्यंत जायच्या आणि परेड सुरू झाली की सापाच्या कातीसारख्या घोट्यावर उतरायच्या. तू रोज सकाळी माझ्यासमोर उकिडवा बसून त्या बांधून द्यायचास. "नाऱ्या, पोटऱ्या हायेत का काड्या?" असं म्हणत बांधायचास. तीन वर्षं बांधल्यास. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही, कारण आपल्यात तसलं बोलायची रीत नाही. आज बोलतो. तू नसतास तर मी पहिल्याच वर्षी टेकाड उतरून घरी गेलो असतो, आणि आज मास्तर झालो नसतो.

मास्तर व्हायचं तुला होतं, मला नव्हतं. तू मळ्यातल्या बैलांनासुद्धा शिकवायचास. सुट्टीत घरी आलास की धावेच्या टोकाला "हॉल्ट" म्हणून ओरडायचास, आणि ते गुमान थांबायचे. काकाजी कपाळावर हात मारून घ्यायचे. बैल इंग्रजी शिकले, आता माझं कोण ऐकणार, म्हणायचे. पोरांना शिकवायची तुला खोड होती. चुकलेल्याला न हसता, न मारता तेच पुन्हा दाखवायचास. म्हणून तर शाळेच्या मुख्य फादरनं तुला केडेटांचा पुढारी केलं, बाहीवर फिती दिल्या. एरवी मी 'फादर आले', 'फादर म्हणाले' असंच आदरानं लिहितो. आज नाही लिहीत.

आता तो दिवस. तू असतास तर म्हणाला असतास, "सोड नं बाप्पा, कायले काहाडतं?" पण तू नाहीस, आणि मला तो काढायचा आहे.

बिशप येणार होता, अकोल्याहून मोठा गोरा साहेब येणार होता. केडेटांच्या निशाणाला देवळात आशीर्वाद द्यायचा, असं ठरलं होतं. आपल्याला एरवी त्या देवळात नेतच नसत. ख्रिस्ती पोरं प्रार्थनेला गेली की आपल्याला वर्गात बसवून नीतीचे धडे देत. त्या दिवशी ख्रिस्ती पोरं बँडमध्ये होती आणि ती आधीच आत जाऊन बसली होती. आत कसं जायचं हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागेल असं फादरला वाटलं नसेल, आणि विचारावं लागेल असं आपल्याला वाटलं नाही. देवळात कसं जातात हे काय शिकायचं असतं?

आपण तीन रांगांत मैदानावरून वर गेलो. तू पुढं, निशाण घेऊन. दाराशी तू आम्हाला थांबवलंस. कवायतीत बूट काढायचा हुकूम नाही, म्हणून तो तू मराठीत दिलास. "बुटं काहाडा रे." सगळ्यांनी काढली. चिंध्या आत कोंबल्या, आणि दाराबाहेर टाचेला टाच लावून तीन रांगांत ठेवली, परेडला उभी केल्यासारखी. मग आपण आत गेलो, अनवाणी, पाऊल न वाजवता, जितकं सांभाळून जाता येईल तितकं. मला आजही वाटतं, आपण आयुष्यात त्याहून नीट कधी चाललो नाही.

फादरनं पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं म्हणे, की माझ्या पोरांची बुटं दगडी फरशीवर कशी वाजतात ती ऐका. वाजलंच नाही काही. साहेबानं मागं वळून पाहिलं आणि त्याची नजर खाली गेली. आपल्या पायांची काय शोभा होती! भेगा, ठेचा लागून काळी पडलेली नखं, सगळा मळा आणि रान त्या पायांवर. ते दिवस गावोगावच्या सत्याग्रहाचे होते. हे अनवाणी पाय म्हणजेही सत्याग्रहच, असं साहेबाला वाटलं असणार. तो बिशपाच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि फादरच्या मानेवर लाली चढली. ती आपण दोघांनीही पाहिली. तुला वाटलं, त्याला आनंद झाला. मला वाटलं, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शाळा मैदानावर उभी केली. तुला एकट्याला पुढं बोलावलं. फादरनं सांगितलं की काल जे केलं ते उद्धटपणानं केलं, असं सगळ्यांसमोर इंग्रजीतून म्हण, म्हणजे विषय संपला. तू म्हणालास, "फादर, देवाच्या घरात बुटं घालून कसं जावं? तुमाले राग आला असंन त पाया पडतो. पन उद्धटपना केला असं मी नाही म्हननार, कारन तसं केलंच नाही." आणि तू खरोखर खाली वाकून त्याच्या पायांना हात लावायला गेलास. तो मागं सरकला. मग त्यानं तुझ्या फिती काढल्या आणि मोठ्यानं सांगितलं की या मुलाचा या शाळेशी आजपासून संबंध संपला. मॅट्रिक अगदी तोंडावर आली होती.

आम्ही सगळे संध्याकाळी त्याच्या खोलीशी गेलो. म्हटलं, बुटं आम्हीही काढली, आम्हालाही काढा. तो म्हणाला, हुकूम देणारा जबाबदार असतो, हुकूम मानणारे नाहीत. जा, अभ्यास करा. आम्हाला आत येऊ दिलं नाही.

तुझं काय काय गेलं ते मोजायला नको, पण सांगितलं पाहिजे, कारण तू कधी सांगितलं नाहीस. मॅट्रिक गेली. मास्तरकी गेली. चंद्रभागावहिनींच्या आधी ठरलेली सोयरीक मोडली, कारण कारंज्यात लोक म्हणायला लागले, "मिशनीतून काहाडला म्हंजे काही चोरलं असंन पोट्ट्यानं." बूट काढले म्हणून कोणाला शाळेतून काढतात, यावर आपल्या मुलखात विश्वास कोण ठेवणार? जेवढं खरं सांगावं तेवढं ते खोटं वाटायचं. शेवटी काकाजींनी सांगणंच सोडलं. हीच माणसं परवा तुझ्या दारात येऊन 'वीर गेला, वीर गेला' करून गेली. मी एकाला तोंडावर विचारलं की तुम्हाला तो चोर वाटत होता ना? तर म्हणाला, "सोडा नं मास्तर, कायची आठवन काहाडता."

आणि तू काय केलंस? पंधरा दिवसांत वांग्या-मेथीची पाटी घेऊन त्याच शाळेच्या मुदपाकखान्याच्या दाराशी उभा राहिलास! मी जेवणाच्या रांगेतून तुला पाहिलं. भाजी देऊन झाली की तू कुंपणाशी थांबून परेड बघायचास. कोणाची रांग चुकली की बाहेरून हळूच सांगायचास, "ए, डावीकडचा, पाऊल मागं घे." त्या पोरांना काय माहीत तू कोण ते. मी तुला म्हटलं, लाज नाही वाटत? तू म्हणालास, "भाजी चांगली हाये, त्यायले खाऊ नोको देऊ का?"

तुझं हे मला कधीच कळलं नाही, आणि कळलं असतं तरी पटलं नसतं. लढाई सुरू झाली, तू भरतीला गेलास, कवायत पाहून तिथल्या साहेबानं विचारलं की कुठं शिकलास, आणि तू छाती काढून त्या शाळेचं नाव सांगितलंस. मला लिहून कळवलंस वर. तुला त्या गोऱ्यांच्या लढाईशी काय देणं होतं, असं मी उलट विचारलं होतं. त्याचं उत्तर दिलं नाहीस. पोरं शिकवायला मिळत नाहीत तर रंगरूट शिकवीन, असं काहीसं तुझ्या मनात असणार. हवालदार झालास. रजेवर आलास तेव्हा चंद्रभागावहिनी आणि काकाजी तुला डोळे भरून पाहून घेण्याआधीच तू वर्दी घालून टेकाडावर गेलास. फादरनं तुझा हात हातात घेतला म्हणे, पोरांना दाखवलं म्हणे. परत येताना तुझा चेहरा असा होता की मला तुला धरून हलवावंसं वाटलं.

आपली शेवटची भेट शेलूबाजारला, मोटारीच्या अड्ड्यावर. मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. ड्रायव्हर मागची भट्टी फुंकत बसला होता, म्हणून आपल्याला भांडायला वेळ मिळाला.

"तू काहून आला नाहीस रे शाळेत? फादर तुले विचारत व्हता."

"मले काय काम तिथं? ज्यायनं तुले हाकललं त्यायच्या दारात मी नाही जात."

"हाकललं फादरनं. शिकवलं त शाळेनंच ना?"

"शाळा म्हंजे फादर नाही त कोन? त्या भिंती का?"

"भिंतीच समज. तिथं भिंतीले दगड लावला हाये पाह्य, मांगच्या लढाईत मेलेल्या पोरायच्या नावाचा. मी मेलो त माह्यंबी नाव लागीन."

"काहाडलेल्याचं नाव कोन लावते, येड्या?"

"लावतीन. पाह्यजो तू."

भट्टी पेटली, धूर झाला, तू चढलास. मी तुला आणखी बरंच ऐकवणार होतो. ते तसंच राहिलं. पण एक सांगतो, त्या दिवशी जे बोललो त्यातला एक शब्दही मी मागं घेत नाही.

आणि शेवटी तुझंच खरं झालं. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बैलांची दमणी जोडून फादर मळ्यात आला. म्हातारा झालाय आता, काठी घेऊन चालतो. काकाजींनी बाजेवर घोंगडी टाकली, गुळाचा चहा दिला. मीही तिथं होतो. फादर आपल्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाला, "देवमन हा आमच्या शाळेचे भूषण होता. त्याच्या नावाची शिळा आम्ही तयार केली आहे. येत्या रविवारी त्याच्या वडिलांनी येऊन पडदा बाजूला करावा, अशी आमची प्रार्थना आहे." शिळेवर काय कोरलंय तेही त्यानं वाचून दाखवलं. या शाळेत शिक्षण पूर्ण करून फौजेत गेलेला आणि धारातीर्थी पडलेला आमचा प्रिय विद्यार्थी.

शिक्षण पूर्ण करून! मी उठूनच उभा राहिलो. म्हटलं, फादर, मी त्या मैदानावर होतो. तर त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "नारायण, अशा प्रसंगी जुन्या गोष्टी उकरू नयेत." जुनी गोष्ट! त्याला जुनी. आम्ही ती रोज वागवत होतो.

काकाजींनी मला हातानं खाली बसवलं. "काय लिवलं ते मले समजून सांग." मी सांगितलं.  मग ते मला म्हणाले, "पोट्ट्याले हे पाह्यजे व्हतं का रे? खरं सांग." देवमन, मला खोटं बोलता आलं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण तुझ्या बापासमोर तुझ्याबद्दल खोटं कसं बोलू? मी म्हटलं, "व्हय काकाजी. त्याले लय हौस व्हती."

"मंग त नीटच देल्लं पाह्यजे," काकाजी म्हणाले, आणि फादरकडं वळले. "फादरसाहेब, माह्या चुलत्याले एकखेप पंचायनं जातीबाहेर टाकलं व्हतं. कोनी त्याच्या घरचं पानी पेत नव्हतं. मंग काही वर्सानं पंचायच्या ध्यानात आलं का चूक आपलीच व्हती. तवर थो मरून गेल्ता. तरी ज्या वडाखाली काहाडलं व्हतं, त्याच वडाखाली सारी जात बसवली, आन् पंचायनं आपल्या तोंडानं म्हन्लं का आमी याले घेतलं. तवा त्याच्या लेकरायचं पानी चाललं. तुमी नाव लावा. पन आधी त्याले शाळेत घ्या. जिथं उभं करून काहाडलं तिथंच, सगळ्यायसमोर, तुमच्या तोंडानं. त्याबिगर नाव लावलं त थे चोरून लावल्यासारखं व्हते."

फादर काठीच्या मुठीकडं बघत बसला. मग म्हणाला, "मी यावर विचार करीन," आणि दमणीत बसून गेला.

"हो म्हन्ला ना थो?" काकाजींनी मला विचारलं.

"विचार करतो म्हन्ला."

"गोरा मानूस हाये, फिरवून बोलत असंन," काकाजी म्हणाले. आणि त्या भोळ्या माणसानं रविवारसाठी धोतर परटाच्या भट्टीला दिलं. वहिनी मात्र आल्या नाहीत. घरात बसूनच म्हणाल्या, "ज्या जागी त्यायले उभं राहू देल्लं नाही, तिथं मी खुर्चीवर कायले बसू?"

रविवारी आम्ही दोघं गेलो. मी इतक्या वर्षांनी ते टेकाड चढत होतो आणि माझे पाय आपोआप कदम धरत होते, त्याचाही मला राग आला. मैदानावर नवी केडेट पोरं उभी. अकोल्याचा साहेब खुर्चीवर, आपल्या वेळचा नव्हे, दुसरा कोणी. शाळेच्या पुढच्या भिंतीवर हिरवा पडदा आणि त्याला दोरी. काकाजींना साहेबाच्या शेजारी बसवलं. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. फादरनं आधी इंग्रजीत भाषण केलं, मग मराठीत. त्यात तुझी शिस्त होती, तुझं शौर्य होतं, तुझा आज्ञाधारकपणा होता. आज्ञाधारकपणा! मी काकाजींकडं बघत होतो. ते प्रत्येक वाक्याला मान पुढं करून ऐकत होते, की आता म्हणेल, आता म्हणेल. भाषण संपलं. बिगुलवाल्या पोरानं बिगुल तोंडाला लावला. फादरनं दोरी काकाजींच्या हातात दिली आणि म्हणाला, "ओढा, बाबा."

काकाजींनी दोरी धरली, पण ओढली नाही.

"म्हना ना आधी," ते म्हणाले.

"काय म्हणू?"

"याले घेतलं म्हना."

 पोरांना काही कळेना. साहेबानं माझ्याकडं वळून इंग्रजीत विचारलं, की म्हाताऱ्याला काय हवंय? फादरनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता, विनवणी होती. मास्तरानं आपल्या विद्यार्थ्याकडं असं बघू नये. पण मी सांगितलं. त्याच फादरनं शिकवलेल्या इंग्रजीत, एक शब्द न गाळता सांगितलं. की याच्या पोराला इथंच, याच मैदानावर, देवाच्या दारात बूट काढले म्हणून शाळेबाहेर काढलं. की त्याला मॅट्रिकला बसू दिलं नाही. की दगडावर लिहिलंय ते खोटं आहे. आणि बापाचं म्हणणं एवढंच आहे, की काढणाऱ्यानं आपल्या तोंडानं परत घ्यावं.

फादरचे ओठ हलले. क्षणभर मला वाटलं, म्हणतोय. खरं सांगतो देवमन, तो म्हणाला असता तर माझा सगळा राग तिथंच गळून पडला असता, मी त्याचे पाय धरले असते. कोवळ्या पोराकडून त्यानं जे सगळ्यांसमोर म्हणून घ्यायचं ठरवलं होतं, तसंच काहीतरी एकदा त्याला स्वतःला म्हणायचं होतं. एवढा मोठा माणूस, त्याला ते जमलं नाही. तो साहेबाकडं पाहून इंग्रजीत म्हणाला, ही त्याची वेळ नव्हे.

"काय म्हन्ला?" काकाजींनी मला विचारलं.

"ही वेळ नोहे म्हन्ला."

काकाजींनी मान हलवली. रागावले नाहीत, रडले नाहीत. दोरी जपून खिळ्याला गुंडाळली, गाठ मारली. "बरं," ते म्हणाले, "मंग तुमची वेळ झाली का बलवा मले. मी हावच मळ्यात." साहेबाला हात जोडले आणि टेकाड उतरायला लागले. मी त्यांच्या मागून. बिगुल काही वाजला नाही.

तो पडदा अजून तसाच आहे. दोरी कोणी सोडवली नाही. माझ्या ओळखीचं एक केडेट पोरगं सांगत होतं, की फादर संध्याकाळी एकटाच तिथं येऊन उभा राहतो आणि हात न लावता परत जातो. जाऊ दे. त्याला पाहिजे तेवढे दिवस जाऊ दे.

मला ठाऊक आहे, तू असतास तर आमच्या दोघांवर चिडला असतास. "एवढंसं तर मांगलं व्हतं मी, तेबी तुमी होऊ देल्लं नाही," म्हणाला असतास. भांडायला ये ना मग. मी कुठं जात नाही, आणि हा मुद्दा सोडतही नाही. त्यानं तुला हाकललं त्या दिवसापासूनच तू त्या फादरला माफ केलं होतंस, आणि तुझ्या त्या माफीनं त्याचं किती फावलं हे तुला कधी दिसलं नाही. परवा तू तिथं असतास तर म्हाताऱ्या फादरची अडचण बघून तूच पुढं होऊन दोरी ओढली असतीस, आणि दगडावरचं खोटं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं असतंस. म्हणून म्हणतो देवमन, बरं झालं, दोरी तुझ्या हातात नव्हती, तुझ्या बापाच्या हातात होती.